हरवलेले तक्ते : वर्धा जिल्ह्याच्या जमीन-दप्तराची स्थलांतरे

१/
१९८८-८९ साली केंद्र सरकारने देशातील आठ जिल्हे निवडून तेथील जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. आंध्र प्रदेशातून रंगारेड्डी, आसाममधून सोनितपूर, बिहारमधून सिंगभूम, गुजरातमधून गांधीनगर, मध्य प्रदेशातून मोरेना, तेव्हाच्या ओरिसातून मयूरभंज, राजस्थानातून डुंगरपूर आणि महाराष्ट्रातून वर्धा. आज मोबाइलवर दिसणाऱ्या सातबाऱ्याच्या वाटेवरचे हे पहिले पाऊल.

२/
अशा प्रकल्पात एका दप्तरातील मजकूर दुसऱ्या दप्तरात न्यावा लागतो, आणि धोका नेमका तेथेच असतो. संगणकाच्या जगात तो धोका नेहमीचा आहे. सर्व्हरवरील आज्ञावलीची नवी आवृत्ती बसवली जाते, यंत्र पुन्हा सुरू होते, सारे सुरळीत दिसते. मग कोणी नेहमीचा तक्ता उघडू लागतो आणि उत्तर मिळते, ‘असा तक्ता अस्तित्वात नाही.’ आदल्या रात्रीपर्यंत तो तेथेच होता.

३/
तो तक्ता जातो कोठे, तो शोधावा कसा आणि शोधण्यापूर्वी काय टाळावे, हा या थ्रेडचा विषय. वर्ध्याचे उदाहरण घेण्याचे कारण असे की या जिल्ह्याच्या जमीन-दप्तराने गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा आपली घडी बदलली. संगणक येण्यापूर्वीच्या बदलांतही तक्ते हरवले होते. त्यांचा इतिहास पाहिला की सर्व्हरवरचा बिघाड अधिक स्पष्ट कळतो.

४/
प्रथम ‘तक्ता’ म्हणजे काय ते पाहू. १९७० साली एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने माहिती साठवण्याची एक पद्धत मांडली : माहिती निरनिराळ्या तक्त्यांत ठेवावी आणि प्रत्येक ओळीला ओळखखूण देऊन ते तक्ते एकमेकांशी जोडावेत. आजचे बहुतेक डेटाबेस याच तत्त्वावर चालतात. गावच्या तलाठ्याला मात्र ही कल्पना नवी वाटली नसती. त्याचे संपूर्ण दप्तर असेच रचलेले होते.

५/
गाव नमुना सात हा हक्कांचा तक्ता, बारा हा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. नमुना सहा हे फेरफारांचे रजिस्टर. नमुना आठ-अ हा खातेदारांचा तक्ता. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात एक अंक असतो, तो फेरफार क्रमांक. तो धरून नमुना सहा उघडला की हे नाव येथे कधी आणि कशामुळे आले ते कळते. कमी झालेल्या नावाला कंस पडतो. ते नाव पुसले जात नाही. वर्तुळातील तो अंक तक्त्यांना जोडणारा धागा आहे.

६/
मुंबई इलाख्यातील गावदप्तराची ही रचना एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याच्या नियमपुस्तिकेने पक्की केली. महसूल खात्यात ती अजूनही ‘अँडरसन मॅन्युअल’ याच नावाने ओळखली जाते. परंतु वर्धा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. त्याच्या दप्तराची भाषा, रकाने आणि हक्कांची नावे सर्वस्वी निराळी होती. पुढच्या गुंतागुंतीचे मूळ तेथे आहे.

७/
तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निवर्तले आणि पुढच्या वर्षी कंपनी सरकारने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे मुख्यालय आरंभी पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी हलवले गेले आणि तेथे वर्धा शहर वसले. जिल्हा चार वर्षांचा होईपर्यंत त्याच्या दप्तराचा पत्ताही बदलला होता.

८/
वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड. तेथे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी : प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आणि शेतकऱ्याचा सरकारशी थेट संबंध. नदीच्या अलीकडे, वर्ध्यात, मालगुजारी : गावाच्या महसुलाला जबाबदार असलेल्यांना मालगुजार म्हणून मालकी हक्क मिळाले आणि शेतकरी त्यांची कुळे ठरले. एकच भाषा, एकच कापूस, मध्ये एक नदी. पण दोन तीरांवरची दप्तरे एकमेकांत बसणारी नव्हती.

९/
मालगुजारी गावचे कागद पटवाऱ्याकडे असत. वर्ध्याच्या खेड्यांत तलाठ्याला आजही ‘पटवारी’ म्हणतात, ते यामुळेच. खसऱ्यात शेतवार नोंद, जमाबंदीत खातेवार नोंद, आणि तिसरा कागद वाजिब-उल-अर्ज. यात गावाच्या चालीरीती लिहिलेल्या असत : पाणी कोणी घ्यावे, वाट कोठून असावी, मासे कोणी धरावेत. जळाऊ लाकूड, चराई, माती, दगड यांसाठी गावकऱ्यांना लागणाऱ्या सामाईक वापराला ‘निस्तार’ म्हणत.

१०/
पहिला मोठा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आणली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क राज्याकडे आले. १ ऑक्टोबर १९५५ पासून मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, १९५४ लागू झाली. शेतकरी आता ‘भूमिस्वामी’ किंवा ‘भूमिधारी’ झाला. गावाच्या सामाईक वापरासाठी निस्तारपत्रक तयार करण्याची तरतूदही संहितेत होती.

११/
याच वर्षांत आणखी एका प्रकारच्या जमिनीची भर पडली. एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्ली येथे भूदानाला आरंभ झाला. विनोबांचा आश्रम वर्ध्याजवळ पवनारला. १९५३ मध्ये मध्य प्रदेशाने भूदान यज्ञ कायदा केला. दानात मिळालेली जमीन भूमिहीनाला मिळाली, तरी ती त्याला इतर जमिनीसारखी मनमुराद विकता येत नव्हती. हे बंधन एखाद्या रकान्यातील दोन-तीन शब्दांवर टिकून होते. ते शब्द सुटले तर दानाचा हेतूच सुटणार होता.

१२/
दुसरा बदल राज्यांच्या पुनर्रचनेने घडवला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. १९७१ च्या अधिकार अभिलेख नियमांनी राज्यभर एकच घडी घातली. खसरा-जमाबंदीचा जिल्हा सातबाऱ्याचा जिल्हा झाला. आजच्या भाषेत, सारा प्रदेश नव्या आवृत्तीवर नेण्यात आला.

१३/
या बदलात जुन्या हक्कांचे नव्या हक्कांत रूपांतर करावे लागले. संहितेच्या कलम २९ नुसार, हस्तांतरणाचे बंधन नसलेला भूमिस्वामी भोगवटादार वर्ग १ झाला आणि विदर्भातील बंधन असलेला भूमिस्वामी वर्ग २ झाला. नियम स्पष्ट होता. परंतु जुन्या कागदावर नुसते ‘भूमिस्वामी’ असेल आणि बंधनाची नोंद दुसऱ्याच कागदावर असेल, तर उतरवणाऱ्याने काय लिहावे? दोन तक्ते जोडून वाचले तरच उत्तर खरे येणार होते.

१४/
निस्ताराचे काय झाले? संहितेने निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना कलम १६१ आणि १६५ मध्ये जागा दिली. कायद्याच्या पुस्तकात तक्ता शिल्लक राहिला. परंतु सातबारा हा एकेका भूमापन क्रमांकाचा उतारा; साऱ्या गावाचा सामाईक हक्क त्यात मावत नाही. ज्याला सातबाराच दप्तर वाटतो, त्याच्या दृष्टीने निस्तार नाहीसा झाला. तक्ता जागेवर असतो, पण त्याच्याकडे नेणारी खूण रोजच्या कागदावर उरत नाही. हरवण्याचा हा पहिला प्रकार.

१५/
दुसरा प्रकार अधिक घातक. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली नोंदींत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आढळते. झुडपे उगवलेली, बहुधा चराईला वापरली जाणारी हलकी जमीन असा तिचा अर्थ. शब्द जुन्या दप्तरातून नव्यात जसाच्या तसा आला. मात्र तो जंगल या सदरात मोडतो की पडीक या सदरात, हे सांगणारी व्याख्या त्याच्याबरोबर आली नाही.

१६/
१९८० मध्ये वनसंवर्धन कायदा झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ठरवले की ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशात असलेला अर्थ घ्यावा, जमीन कोणाच्याही मालकीची असो. २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने झुडपी जंगलाची जमीन वनजमीन मानली आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी नियमिततेची वाट ठेवली. त्या जमिनीवर तोवर घरे, शाळा, कार्यालये उभी होती. नोंद कधीच हरवली नव्हती. हरवला होता तिचा अर्थ.

१७/
आता संगणक. राज्यांच्या महसूल मंत्र्यांच्या १९८५ च्या परिषदेत भूमी अभिलेखांचे संगणकीकरण प्रायोगिक तत्त्वावर करावे अशी शिफारस झाली आणि तिच्यातून १९८८-८९ चा आठ जिल्ह्यांचा प्रकल्प उभा राहिला. वर्ध्याच्या वाट्याला आलेले काम सोपे नव्हते. खसऱ्याच्या वारशावर बसलेला सातबारा, त्यावर वर्ग १, वर्ग २, भूदान, झुडपी यांच्या नोंदी, आणि हे सारे हस्ताक्षरात. यंत्रात भरण्यापूर्वी ते वाचता येणे आवश्यक होते.

१८/
शिवाय ते मराठीत होते. त्या काळच्या संगणकाला देवनागरी येत नसे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान, म्हणजे संगणकात बसवायचे एक कार्ड, ही उणीव भरून काढी. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. पुढे युनिकोड आले. प्रत्येक वेळी अक्षरांमागचे अंक बदलले. जुन्या संकेतात साठवलेले ‘देवळी’ नव्या आज्ञावलीने वाचले तर पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटतात. मजकूर शाबूत असतो. वाचणाऱ्याकडे त्याची बाराखडी नसते.

१९/
नावांचा प्रश्न तर वर्ध्याला ठाऊकच होता. सेवाग्रामचे मूळ नाव शेगाव. गांधीजींची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावकडे जाऊ लागल्यामुळे १९४० मध्ये ते नाव बदलण्यात आले. टपाल खात्याला जो घोटाळा झाला तोच डेटाबेसला होतो, म्हणून गावाला नावाऐवजी संकेतांक देतात. पण संकेतांकही बदलतात. या जिल्ह्यात पूर्वी वर्धा, आर्वी, हिंगणघाट या तीन तहसिली होत्या. आज आठ तालुके आहेत. तालुका बदलला की गावाची ओळखखूण बदलते आणि जुन्या खुणेने शोधणाऱ्याला गाव सापडत नाही.

२०/
१९९७-९८ पासून संगणकीकरण तालुका पातळीवर नेण्याचे धोरण ठरले. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. पुढे महाराष्ट्रात ई-फेरफार ही प्रणाली उभी राहिली. तालुक्यातील यंत्रावरून मध्यवर्ती सर्व्हरवर, एका आज्ञावलीवरून दुसरीवर, असा हा प्रवास. अशा प्रवासात सर्व्हरच्या आत नेमके काय घडते, ते समजण्यासाठी मायएसक्यूएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसचे उदाहरण सोयीचे आहे. तो भूमी अभिलेखांचा डेटाबेस म्हणून येथे घेतलेला नाही. त्याची घडण या बिघाडाचे मर्म चांगले दाखवते, एवढेच.

२१/
मायएसक्यूएल १९९५ मध्ये आला. प्रत्येक तक्त्याची रचना, म्हणजे कोणते रकाने आणि कोणत्या प्रकारचे, तो ‘एफआरएम’ नावाच्या छोट्या फाइलीत ठेवी. पुढे इनोडीबी हे साठवणयंत्र त्याला जोडले गेले आणि २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून तेच मूलभूत झाले. इनोडीबीने आपली स्वतंत्र नोंदवही ‘आयबीडेटा१’ या फाइलीत ठेवली. एकाच तक्त्याची दोन ठिकाणी नोंद झाली. जणू एक नोंद तहसिलीत आणि एक भूमी अभिलेख कार्यालयात. दोन्ही जुळतात तोवर सारे ठीक.

२२/
आता कोणी जुन्या यंत्रावरचा डेटाबेसचा फोल्डर उचलून नव्या सर्व्हरवर ठेवला, पण ‘आयबीडेटा१’ मागेच राहिली. सर्व्हर तक्त्यांची यादी दाखवतो, कारण एफआरएम फाइली दिसत आहेत. तक्ता उघडायला गेले की ११४६ क्रमांकाची त्रुटी : तक्ता अस्तित्वात नाही. नाव दिसते, माणूस सापडत नाही. स्वतःच्या संगणकावर हा डेटाबेस वापरणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी हा अनुभव घेतलेला असतो, आणि घाबरून सगळे पुसून नव्याने बसवलेलेही असते.

२३/
एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीने दोन नोंदवह्यांची ही पद्धत मोडली. एफआरएम फाइली गेल्या आणि सर्व व्याख्या एकाच कोशात आल्या. त्या कोशाला ‘डेटा डिक्शनरी’ म्हणजे माहितीचा शब्दकोश असेच नाव आहे. बदल हितकारक होता. पण ५.७ वरून ८.० वर चढल्यानंतर त्याच फाइली घेऊन खाली उतरता येत नाही. जुनी प्रत आधी काढून ठेवली नसेल तर परतीची वाट बंद होते.

२४/
नाहीशा होण्याची इतर कारणेही ठरावीक आहेत. नवा सर्व्हर वेगळा, रिकामा फोल्डर उघडून बसतो आणि जुना भरलेला फोल्डर शेजारीच पडून असतो. पोस्टग्रेसक्यूएलच्या नव्या मुख्य आवृत्तीला तर नवा फोल्डरच लागतो. डेबियन, उबुंटूवर ती बहुधा ५४३३ या नव्या दारावर उभी राहते आणि जुनी ५४३२ वर. लिनक्सला इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे भिन्न वाटतात, विंडोजला एकच. कधी फाइलीची मालकी दुसऱ्या वापरकर्त्याकडे गेल्याने सर्व्हरला ती वाचताच येत नाही.

२५/
म्हणून शोधाचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम सर्व्हरवरचे लेखन थांबवावे. हरवलेला तक्ता त्याच नावाने घाईने नव्याने तयार करू नये. मग संपूर्ण फोल्डरची प्रत काढून बाजूला ठेवावी आणि पुढचे प्रयोग प्रतीवर करावेत. सर्व्हर कोणता फोल्डर वाचतो आहे ते त्यालाच विचारावे. त्रुटींची नोंदवही वाचावी. आवृत्ती, अक्षरांचा नियम आणि फाइलींची मालकी पाहावी. जुन्या यादीतील तक्ते आणि ओळी मोजून नव्याशी ताडून पाहाव्यात.

२६/
यांतून काही निघाले नाही तर शेवटचा मार्ग. इनोडीबीत प्रत्येक तक्त्याची माहिती बहुधा ‘आयबीडी’ या स्वतंत्र फाइलीत असते. ती वाचली असेल आणि तक्त्याची मूळ रचना कोठेतरी लिहिलेली असेल, तर तशाच रचनेचा रिकामा तक्ता प्रतीवर उभारून त्याला जुनी फाइल जोडता येते. रचना ठाऊक नसेल तर तीच फाइल निव्वळ अंकांचा ढीग आहे. झुडपी जंगलाची कथा येथे पुन्हा भेटते : माहिती हाती, व्याख्या गहाळ.

२७/
मोजून ताडण्याची युक्ती महसूल खात्याला जुनी आहे. गावातील सर्व सातबाऱ्यांवरच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदातील क्षेत्राशी जुळली पाहिजे; सातबाऱ्याची आणि आठ-अ ची बेरीजही जुळली पाहिजे. न जुळल्यास कोठेतरी शेत सुटले आहे किंवा दोनदा आले आहे. ते शेत कोणते, हे बेरीज सांगत नाही. पण काहीतरी हरवले आहे, हे ती नक्की सांगते. स्थलांतरानंतर पहिला आवाज बेरजेचा यावा लागतो, खातेदाराच्या तक्रारीचा नव्हे.

२८/
हरवण्याची किंमत वर्ध्यात मोठी आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये विदर्भाचे सहा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्हे होते. त्यांत वर्धा होते. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, वारसा, प्रत्येक दारावर सातबारा मागितला जातो. त्यातच संहितेचे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. संगणकाने नाव गाळले तर ते नाव नाही असेच कायदा गृहीत धरतो. सिद्ध करण्याचा भार ज्याचे नाव गेले त्याच्यावर येतो. वारस म्हणून लागलेले विधवेचे किंवा मुलीचे नाव असे गळले, तर तो भार पेलायचा कोणी?

२९/
महाराष्ट्राने यावर काढलेला उपाय मुळात जुनाच होता. २०१७ मध्ये राज्यभर संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडीवाचन झाले. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळावा, हा उद्देश. नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या आणि चूक असेल ती त्यांनी सांगायची. सापडलेल्या चुकांसाठी ई-फेरफार प्रणालीत ‘री-एडिट’ची सोय देण्यात आली, लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार कलम १५५ मध्ये होताच. सर्व्हरला न दिसलेली गोष्ट चावडीवरच्या माणसाच्या स्मरणात होती.

३०/
हे तपासणे शक्य झाले, कारण हस्तलिखित दप्तर जपलेले होते. नवे आले म्हणून जुने फेकले असते, तर ताडून पाहायला काहीच उरले नसते. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला. स्वाक्षरी एवढेच सांगते की हा उतारा अधिकृत आहे आणि नंतर कोणी त्यात बदल केलेला नाही. आत चढलेली नोंद मुळात बरोबर होती का, हे स्वाक्षरीला ठाऊक नसते. ते काम त्याआधीच व्हावे लागते.

३१/
खसऱ्यातून सातबाऱ्यात, कागदातून यंत्रात, एका आवृत्तीतून दुसरीत. वर्ध्याच्या दप्तराच्या प्रत्येक स्थलांतरात एकच गोष्ट पुन्हा दिसते. माहिती सहसा नष्ट होत नाही. सुटतो तो तिच्याकडे नेणारा धागा : वर्तुळातला फेरफार क्रमांक, गावाचा संकेतांक, अक्षरांची बाराखडी, शब्दाची व्याख्या. म्हणून जुने दप्तर सांभाळावे, व्याख्या लिहून ठेवाव्यात, बेरजा जुळवाव्यात आणि नवी यादी जाणत्या माणसांसमोर एकदा मोठ्याने वाचावी.

३२/
घरातील कपाटात आजोबांच्या काळचा खसरा, जुना हस्तलिखित सातबारा किंवा फेरफाराची नक्कल असेल, तर तो कागद रद्दीत घालण्यापूर्वी आजच्या संगणकीय उताऱ्याशेजारी ठेवून वाचावा. भूमापन क्रमांक, क्षेत्र, वर्ग, प्रत्येक नाव आणि नावाशेजारचे वर्तुळ. जुळले तर उत्तम. जुळले नाही, तर हरवलेल्या तक्त्याची एक प्रत त्या घरात शिल्लक आहे.

(समाप्त)